खिळ्यावरची माळ

आमच्या पातूरच्या शाळेत शनिवारची सकाळची शाळा सुटली की मास्तर लोक घराकडे पळतात. मीही पळतो, खोटं कशाला बोलू. विज्ञानाच्या ज्योत्स्नाबाई तेवढ्या मागे राहायच्या. नववी-दहावीची पोरं प्रयोगशाळेत जमायची आणि ज्याच्या घरी जे मानलं जातं ते घेऊन यायची. कुणी अंगारा, कुणी ताईत, कुणी दारावरचं लिंबू. मग त्यावर बोलायचं. बाईंचे नियम दोनच होते, दर शनिवारी त्या ते आधी सांगायच्या. कुणाच्या घराला हसायचं नाही आणि जे कळलं ते घरी जाऊन सांगायचं.

दुसरा नियम मला कधी पटला नाही. "तुम्ही पोरांना घरात भांडायला लावता," असं मी त्यांना तोंडावर म्हणायचो.

"भांडायला नाही सर, सांगायला," एवढंच त्या म्हणायच्या.

दहावीतल्या प्रणालीने एकदा कावीळ उतरवायची माळ आणली. आमच्याकडे ती घरोघरी ठाऊक आहे. ओल्या काडीचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासात गुंफून लहानशी माळ करतात आणि रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. ती हळूहळू लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर येते. पायापर्यंत पोचली की कावीळ उतरली. प्रणालीच्या मामेभावाची अशीच उतरली होती.

"मॅडम, म्या सोताच्या डोयानं पाह्यलं," ती म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. तशीच एक ताजी माळ मागवली आणि भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. खिळ्याला काही कावीळ झाली नव्हती, तरी माळ लांबत गेली. काड्या वाळून आकसल्या, फास सैल पडले, दोरा सरकत गेला. पोरं रोज येऊन बघायची.

"मंग भाऊ बरा कसा झाला?" प्रणालीने विचारलं.

"आरामाने, पथ्याने. बहुतेकांची कावीळ आपली आपण उतरते. पण सगळ्यांची नाही."

प्रणालीने ते घरी सांगितलं, मामीच्या शिव्या खाल्ल्या आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसली. माळ खिळ्यावर तशीच राहिली.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता बाईंच्या यजमानांचे, खुशालरावांचे, डोळे पिवळे झाले. बसस्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. माणूस हसतमुख, उधारीवर चहा पाजणारा. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, यकृतात पसरला होता. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी येताना गाडीतच बाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. खुशालराव म्हणाले, "मायले नको सांगू. तिच्यासाठी कावीयच राहू दे."

माय म्हणजे सत्यभामाबाई. एकुलता एक पोरगा. त्यांनी त्याच संध्याकाळी माळ आणली आणि खुशालरावांनी मान वाकवून ती डोक्यावर ठेवून घेतली. हे बाईंनी मला स्टाफरूममध्ये सांगितलं, वह्यांच्या गठ्ठ्याकडे बघत. मला वाटलं, चला, या बाईला एकदाचं शहाणपण सुचलं. म्हातारीला तेवढाच दिलासा.

मग रोज सकाळी सत्यभामाबाई पोराच्या अंगावर माळ सरळ करून बघायच्या. "पाह्य वं सूनबाई, पोटाले आली. उतरून राहिली." बाई मान हलवायच्या. एकदा प्रणाली खुशालरावांना बघायला आली. तिने माळ पाहिली आणि मॅडमकडे पाहिलं. मॅडम चहा ठेवायला आत गेल्या.

मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला सत्यभामाबाई दरवर्षी भजनी मंडळासोबत जायच्या. यंदा जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण माळ टोंगळ्याखाली, म्हणजे गुडघ्याच्या खाली, आली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "आता पोरगा वाचला," म्हणाल्या आणि खुशालरावांच्या गालावरून हात फिरवून मोझरीच्या गाडीत बसल्या. खुशालराव हसून म्हणाले, "जा, माय." बाई दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुशालरावांचा श्वास बिघडला. मी तिथेच होतो. शुद्ध होती तोवर ते एकच विचारत राहिले, "माय आली का?" बाई म्हणत होत्या, "येतच आहेत." सत्यभामाबाई पोचल्या तेव्हा दारापुढे माणसं बसली होती.

तेरवी झाल्यावर पोरं भेटायला गेली. मी सोबत होतो. सत्यभामाबाई खाटेवर माळ घेऊन बसल्या होत्या. येईल त्याला त्या एकच विचारायच्या. तेच त्यांनी प्रणालीला विचारलं, "तू तं सायन्स शिकतं ना बाई? सांग मले, माळ टोंगळ्याखाली आली होती, मंग माया पोरगा कसा गेला?"

प्रणालीचं तोंड एवढंसं झालं. ती मॅडमकडे बघू लागली.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. त्या सासूच्या पायाशी बसल्या आणि वर्गात सांगतात तसंच सगळं सांगितलं. काड्या कशा वाळतात, फास कसे सैल होतात, वर्गातली माळ खिळ्यावरही कशी लांबली. मग आजाराचं नाव सांगितलं आणि डॉक्टर काय म्हणाले तेही. खुशालरावांनी गप्प राहायला सांगितलं होतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मला बोलावंसं वाटलं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

सत्यभामाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माळ मांडीवर ठेवली.

"म्हंजे तुले पहिलेपासून मालूम होतं?"

"हो, आई."

"मंग मले मोझरीले काहून जाऊ देलं वं? मी त्याच्यापाशी बसली असती."

बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. सत्यभामाबाईंनी त्यांना दूर लोटलं नाही आणि जवळही घेतलं नाही. शनिवारी बाई पुन्हा प्रयोगशाळेत मागे राहिल्या, पोरंही आली. पण दुसरा नियम सांगायची वेळ आली तेव्हा तो बाईंना सांगता येईना, प्रणालीने सांगितला.