ते ‘नाही’ मी लिहिलं होतं

माझ्या मित्राने विम्याच्या फॉर्ममध्ये स्वतःचं हृदयाचं दुखणं लपवलं आणि त्या खोटेपणापायी घरची होडी गेली, असं वेसाव्यात आजही पुष्कळ लोक मानतात. गेल्या महिन्यापर्यंत त्याची बायको आणि मुलगाही तसंच मानत होते. तो स्वतः तर तसंच मानून गेला. ते खरं नाही. तो फॉर्म मी भरला होता आणि दुखणं मी लपवलं होतं. मला आता बहात्तरावं चालू आहे.

आमची ओळख ओहोटीच्या वाळूवरची. मी अंधेरीचा, सात बंगल्याकडचा. वडील कारकून होते, पुढे मीही कारकूनच झालो. तो वेसाव्याचा कोळी, शाळा अर्धवट टाकून बापाबरोबर समुद्रावर जाऊ लागलेला. रविवारी पाणी मागे हटून वाळू कडक झाली की टेनिस बॉलचे सामने व्हायचे. तो डावखुरी फिरकी टाकायचा आणि मी यष्टीमागे उभा असायचो. वयाप्रमाणे खेळ सुटला, मैत्री राहिली. त्याच्या घरात इंग्रजी कागद आला की तो न उघडता माझ्याकडे आणायचा. होडीचा परवाना असो, डिझेलचा अर्ज असो, मी वाचायचो, भरायचो आणि सांगायचो, इथे सही कर. तो करायचा. त्यात काय लिहिलंय हे त्याने चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

कचेरीत साहेबांच्या दौऱ्यांची तिकिटं काढण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे प्रवासाचं म्हटलं की ओळखीतले सगळे मला विचारत. कोविड ओसरल्यावर ऑस्ट्रेलियात क्रिकेटचा विश्वचषक होणार होता. आम्ही जुन्या संघातले चौघे उरलो होतो. मी, तो, मुलुंडचा एक निवृत्त शिक्षक आणि घाटकोपरचा एक दुकानदार. एकदा तरी डोळ्यांनी बघू, असं तोच म्हणाला. सगळी व्यवस्था अर्थातच माझ्याकडे आली.

मी ती फार काळजीने केली. साकीनाक्यावरच्या एका एजंटने विमान, हॉटेल आणि सामन्याची तिकिटं असं सगळं एकत्र देऊ केलं होतं. त्याच्याकडे बसून मी प्रत्येक तिकिटाचा कागद मागितला. तो ‘नंतर मिळेल’ म्हणाला तसा मी उठून आलो. सामन्याची तिकिटं आयोजकांच्या साइटवरूनच घेतली. हॉटेल मैदानापासून चालत जाता येईल असं शोधलं आणि तिथे फोन करून खात्री केली. चौघांना चार प्लॅस्टिकच्या फाइली दिल्या. खिशात ठेवायला एकेक कार्ड दिलं, त्यावर हॉटेलचा पत्ता आणि सगळ्यांचे फोन. ते बघून माझा मित्र म्हणाला होता, “अरे, क्रिकेट बघायला चाललोय की कोर्टात? ह्याच्याकडे दिलं तर मेलेला माणूससुद्धा व्हिसा घेऊन जाईल.” सगळे हसले. मीही हसलो.

विमा शेवटी राहिला होता. तो मी घरच्या कॉम्प्युटरवर काढायला बसलो. तिघांचं झालं, त्याचं उरलं. एका पानावर विचारलं होतं, गेल्या चार वर्षांत हृदयविकार, मधुमेह, शस्त्रक्रिया, यांपैकी काही? दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. त्या दिवशी इस्पितळात बाहेरच्या बाकावर मीच बसलो होतो. मी ‘हो’वर टिचकी मारली. लगेच पान बदललं. डॉक्टरचं पत्र जोडा, तपासण्या जोडा, दोन-तीन दिवसांत कळवू, असं आलं. मी मागे गेलो आणि ‘नाही’ केलं. पान सरळ पुढे सरकलं.

वेळ नव्हता असं नाही. निघायला अकरा दिवस होते. पत्र आणता आलं असतं, तपासण्या करता आल्या असत्या. पण मी सकाळी तिघांनाही कळवून बसलो होतो की संध्याकाळपर्यंत चारही पॉलिसी हातात येतील. माझ्या हातचं काम अडतं हे मला दिसायला नको होतं. शिवाय त्याच्या मुलाचा या प्रवासाला विरोध होता, बाबांना आता एवढं लांब कशाला नेता म्हणून. तपासण्यांचं निघालं असतं तर घरात पुन्हा बोलणं झालं असतं आणि कदाचित त्याचं जाणं रद्द झालं असतं. कितीतरी रात्री मी स्वतःला सांगितलं की मी ते त्याच्यासाठी केलं. त्याच्यासाठी थोडंसं केलं असेल. बाकी माझ्यासाठी.

शेवटी त्याच्या मोबाइलवर ओटीपी गेला. मी फोन लावला तेव्हा तो बंदरावर होता, मासळीचा लिलाव चालू होता. मी म्हटलं, सहा आकडे आलेत ते सांग. त्याने ओरडून दोनदा सांगितले. मी टाकले. फोन मिनिटभरही चालला नाही. त्या मिनिटात मी त्याला दुसरं काहीही विचारलं नाही. हे वाक्य मी आज लिहितोय, पण ते मला लिहिण्याआधी तीन वर्षं पाठ होतं.

मेलबर्नला आम्ही सामन्याच्या दोन दिवस आधी पोचलो. आठ-आठ दिवस समुद्रात काढणारा हा माणूस विमानात पट्टा घट्ट धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी चालताना तो एकदम खाली बसला. गार वाऱ्यातही घामाने भिजला होता. इस्पितळात नेलं. तिथे मी फाइल काढून दिली. सगळे कागद क्रमाने होते. तिथल्या बाईने कौतुकाने मान हलवली, आणि त्याही अवस्थेत मला बरं वाटलं.

संध्याकाळी विमा कंपनीतून फोन आला. बोलणारी मुलगी शांत होती. डॉक्टरांच्या नोंदीत जुना स्टेंट दिसतोय, तुमच्या फॉर्ममध्ये काही आजार नाही असं आहे. फॉर्म कोणी भरला, असं तिने विचारलं. मी म्हणालो, त्यांनी स्वतः. दोन दिवसांनी कळवलं की माहिती लपवल्यामुळे विमा लागू होणार नाही.

दुसऱ्या दोघांनी सामना पाहिला. मी इस्पितळात होतो, पण त्याचं श्रेय मला नको. मित्राचं तिथे ऑपरेशन झालं, सतरा दिवस तो आत होता. इकडे इस्पितळाचं बिल भरायला त्याच्या मुलाने होडी विकली. आजोबांची होडी, नवं इंजिन बसवून वर्षही झालं नव्हतं. मुलगा चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मासळी पॅक करणाऱ्या कारखान्यात कामाला लागला. बाप घरी आला त्या दिवशी त्याने एवढंच विचारलं, “मॅच कशी झाली?” त्यानंतर तो बापाशी बोलेनासा झाला. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, एक शब्द नाही.

महिन्याभराने तो माझ्याकडे आला. जिना चढून दमला होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, “एक विचारू? त्या फॉर्मात दुखण्याचं विचारलं होतं?”

“हो.”

“मग मी काय सांगितलं?”

तो मला दोषी धरत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. खरं बोलायची ती वेळ होती, आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “मी तुला फोनवर विचारलं होतं. तू नाही म्हणालास. बंदरावर गोंगाट होता, घाईत असशील.”

तो म्हणाला, “असेल रे. बोललो असेन. मला आठवत नाही.” आणि जाताना वर, “तुझ्यावर उगाच आळ आला नाही ना कोणाचा? कोणी काही बोललं तर माझं नाव सांग.”

फॉर्म भरताना केलं ती चूक म्हणता येईल. हे मात्र मी समोर बसून, त्याच्या तोंडाकडे बघून केलं.

पुढे तो जवळजवळ दोन वर्षं जगला. मी जात राहिलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. ती त्याला माझ्यासमोर टाकून बोलायची. खोटं बोलायचंच होतं तर निदान पचवायचं तरी, म्हणायची. मी चहा प्यायचो. तो गेला तेव्हा मी खांदा दिला. मुलाने सगळं केलं, पण कोरड्या डोळ्यांनी केलं, हे सगळ्यांनी पाहिलं आणि मुलाकडे बोट दाखवण्याऐवजी गेलेल्याकडेच दाखवलं.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या मुलाने शाळेत काहीतरी खोटं सांगितलं होतं, मार्कांवरून. मुलगा मला म्हणाला, “काका, मी त्याला सांगितलं, आजोबांसारखा होऊ नकोस. एका खोट्यात घर बुडतं.” सहज म्हणाला. पलीकडे तो नातू ताटं उचलत होता.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. तेवढ्या माणसांत धीर झाला नाही. पुढच्या रविवारी सकाळी गेलो. वहिनी आणि मुलगा दोघंही घरी होते. बसायच्या आधीच सांगितलं, कारण बसलो असतो तर नसतं सांगितलं. ‘हो’वर टिचकी मारली होती, मग बदलली, हे सांगितलं. फोनवर फक्त आकडे विचारले, हे सांगितलं. विमा कंपनीच्या त्या मुलीला काय म्हणालो आणि माझ्या घरी तो आला तेव्हा काय म्हणालो, तेही.

मुलगा उभा राहिला. मला वाटलं हात उगारेल. त्याने विचारलं, “बाबांना कधी कळलं?”

“नाही कळलं.”

“म्हणजे स्वतःचीच चूक समजून गेले.”

“हो.”

तो बाहेरच्या पायरीवर जाऊन पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते. बाप गेला तेव्हा जे झालं नव्हतं ते आता होत होतं, आणि मी तिथे असण्याचा मला काही अधिकार नव्हता.

वहिनी रडली नाही. म्हणाली, “भावोजी, रोज विचारायचे मी त्याला. आठव, म्हणायचे. कोणी विचारलं, काय विचारलं, तू काय बोललास, आठव. तो डोळे मिटून बसायचा. लिलावाला कोण होतं, कुठली टोपली होती, सगळं सांगायचा. फोनपण आठवायचा. तेवढंच आठवत नाही म्हणायचा. मग घाबरला. बोलला, माझं डोकं चाललंय. होडी गेली तेव्हा नव्हता एवढा घाबरला.”

मग तिने सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ती त्याला विसरण्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती, दोनदा. मला सांगू नको असं त्याने बजावलं होतं. मला वाईट वाटेल म्हणून. डॉक्टरने काहीतरी समजावलं, गोळ्या दिल्या. त्याचा काही विश्वास बसला नाही. शेवटच्या दिवसांत तो शेजाऱ्यांची नावं पुन्हापुन्हा म्हणून बघायचा, विसरलो तर नाही ना म्हणून.

ती आत गेली, कपाटातून एक फाइल आणली आणि माझ्या हातात दिली. “वाचा,” म्हणाली. “इंग्रजीत आहे. मोठ्याने वाचा, त्यालापण ऐकू जाऊ दे.”

मी वाचलं. आज वार कोणता, बरोबर. महिना, बरोबर. पाच वस्तूंची नावं सांगितली आणि थोड्या वेळाने विचारली, पाचही बरोबर. घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं. ते कागदावर होतं, काटे नीट जागेवर. शेवटी डॉक्टरने लिहिलं होतं की रुग्णाची स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम आहे. एक ठरावीक संभाषण आठवत नाही अशी तक्रार आहे, त्याचं कारण सापडत नाही.

ते मी त्यांना मराठीत सांगितलं. मुलगा पायरीवरून म्हणाला, “पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचलं.