चार नंबरच्या प्रेसवरचे चार हात

चार नंबरची प्रेस चालू होती आणि पाच नंबरची बंद. तरीही दोन्ही प्रेसशेजारचे क्रेट सारखेच भरत होते. मी पत्र्याच्या रॅकमागे उभी होते, गळ्यात स्टॉपवॉच होतं, आणि समोर जे दिसत होतं ते डोक्यात शिरायला वेळ लागला.

आधी थोडं सांगते. मी तेव्हा पाच वर्षांच्या एका कोर्सला होते. मेकॅनिकल इंजिनीअरिंग आणि मॅनेजमेंट, दोन्ही एकत्र. दोन हजार सालानंतर असे कोर्स नुकतेच निघाले होते. आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या शेजारणींना ते काही केल्या कळत नसे. म्हणजे तू मशीन चालवणार की माणसं, असं एका काकूंनी विचारलं होतं. मी नुसती हसले होते. मी बहुतेक वेळा तेवढंच करते.

कोर्समध्ये एक उन्हाळा कारखान्यात काढावा लागे. मला अंबरनाथ एमआयडीसीतला एक प्रेस शॉप मिळाला. मिक्सरच्या तळाला बसणारी पत्र्याची प्लेट तिथे बनायची. पॉवर प्रेस म्हणजे एक मोठा लोखंडी जबडा. खालच्या साच्याला डाय म्हणतात. त्यात सपाट पत्रा ठेवायचा, वरून काही टन वजनाचा दणका बसतो, पत्र्याला आकार येतो. मग तो काढायचा आणि दुसरा ठेवायचा. दिवसभर हेच.

या कामात धोका हाताला असतो. म्हणून प्रेसला दोन बटणं देतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर असले की डायमध्ये हात असूच शकत नाही. कल्पना साधी आणि उत्तम. आमच्या शॉपमध्ये पूर्वी पायाने दाबायचं पेडल होतं. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने ऑडिटमध्ये आक्षेप घेतल्यावर सगळ्या प्रेसना ही बटणं बसवली. बटणं एका लोखंडी स्टँडवर होती. स्टँड जमिनीवर नुसता उभा, वायरने प्रेसला जोडलेला.

बटणं आली आणि प्रॉडक्शन पडलं. पूर्वी संध्याकाळी साडेपाचला पुरं होणारं टार्गेट आता कोणाचंच होईना. फक्त चार आणि पाच नंबरवरच्या दोघींचं होत होतं, तेही तीन वाजता. टार्गेट झालं की घरी जायचं, अशी तिथली पद्धत होती. त्या दोघी तीनला डबे उचलून निघत आणि बाकीच्या त्यांच्या पाठीकडे बघत राहत.

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर पाटील सर. बदलापूरजवळच्या गावातले, स्वतः ऑपरेटर म्हणून लागलेले आणि वर चढलेले. त्यांनी मला काम दिलं ते हेच. त्या दोघी काय वेगळं करतात ते बघा, वेळ मोजा, कागदावर आणा, मग सगळ्यांना तसंच शिकवू. याला टाइम स्टडी म्हणतात. मॅनेजमेंटच्या पुस्तकात त्याच्यावर मोठा धडा होता आणि तो मला पाठ होता.

सुरुवातीला काहीच हाती लागलं नाही. मी समोर उभी राहिले की वंदना चार नंबरवर, सुनंदा पाच नंबरवर, दोघी अगदी नियमाने काम करत. वेळ इतरांइतकाच. म्हणून त्या दिवशी मी कॅन्टीनमधून लवकर परतले आणि रॅकमागे थांबले.

दोघी एकाच प्रेसवर होत्या. वंदना डायसमोर स्टुलावर बसली होती. तिचे दोन्ही हात डायमध्ये जात होते आणि येत होते, एकाने तयार प्लेट काढायची, दुसऱ्याने पत्रा ठेवायचा. बटणांचा स्टँड त्यांनी ओढून बाजूला घेतला होता. तिथे सुनंदा उभी होती, अर्धी पाठ फिरवून, दोन्ही अंगठे बटणांवर. शॉपमध्ये इतका आवाज की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून वंदना पत्रा ठेवला की आपल्या पायाने सुनंदाच्या चपलेला टोचायची. सुनंदा दाबायची. टोच, दणका. टोच, दणका. हात बाहेर यायला आणि प्रेस खाली यायला मध्ये काही उरतच नव्हतं.

दोन बटणं जिचा हात वाचवत होती तिचा हात डायमध्ये नव्हताच.

मी पुढे गेले. त्यांनी प्रेस थांबवली, पण घाबरल्या नाहीत. वंदना म्हणाली, आता बघितलंतच तर बसा, स्टूल घ्या. त्या नणंद-भावजय आहेत हे मला तेव्हा कळलं. सुनंदा लहान, लग्नाची. वंदना तिच्या भावाची बायको.

"घरी पण हिच्याच हातात माझा गळा," वंदना म्हणाली, "इथं नुसते हात आहेत. बरं आहे की."

"वहिनी, मॅडम खरं समजतील हां," सुनंदा म्हणाली.

मी विचारलं, एवढी घाई कशासाठी? वंदनाची मुलगी पहिलीत होती. शाळा सुटली की ती एकटी चाळीत यायची. पूर्वी शेजारीण बघायची, ती उल्हासनगरला राहायला गेली. तीनला निघालं की मुलगी येण्याआधी घर उघडं असतं. एवढंच कारण होतं. मी पुस्तकात असलं कुठलंच कारण वाचलं नव्हतं.

पाटील सरांना सांगायचं म्हणजे मला आधी मनात वाक्यं जुळवावी लागत, त्यातही मराठीत. शाळा इंग्रजी, त्यामुळे ऑफिसात मराठी बोलताना मी एखाद्या शब्दावर अडखळत असे. तरी सांगितलं. ते फाइलमध्ये सही करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट सांगितलं नाही. पुन्हा सांगितलं, हाताने दाखवून.

"मॅडम, मला माहीत आहे. जोडीने करतात. तुम्ही त्याची वेळ आणा. कॉलेजच्या मुलीने मोजलेली वेळ शेठला पटते. मग सगळ्या प्रेसवर जोड्या लावू."

मी खुर्चीवरून उठले. हे मला समजायला हवं होतं, पण मला खरंच वाटत होतं की वरच्यांना ठाऊक नसतं म्हणून अशा गोष्टी घडतात.

दुसऱ्या दिवशी मी वेळ घ्यायला उभी राहिले. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, आणि वेळ हातात असली की काहीतरी युक्तिवाद करता येईल असं वाटलं. मी मोजत होते. मागून स्क्रॅपची ट्रॉली गेली. तिचं चाक वंदनाच्या स्टुलाला घासलं. स्टूल सरकलं, तिचा पाय पुढे गेला आणि सुनंदाच्या चपलेला लागला. सुनंदाने दाबलं.

दणका नेहमीसारखाच वाजला. वंदनाने हात ओढला आणि तो आला नाही. ग्लोव्ह अडकला होता. तिने झटका दिला तसा हात ग्लोव्हमधून सुटून बाहेर आला. पाचही बोटं होती. कंपनीत ग्लोव्हज एकाच साइझचे यायचे, पुरुषांच्या मापाचे. तिच्या बोटांच्या पुढे नुसतं कापड लोंबत असे. प्रेसने ते कापड घेतलं होतं.

डायमधून सुटलेला ग्लोव्ह तिने उचलला. दोन बोटांची टोकं कागदासारखी चपटी झाली होती. तिने तो सुनंदाला दाखवला आणि दोघी हसायला लागल्या. ट्रॉलीवालाही हसला. वंदनाने खोक्यातून दुसरा ग्लोव्ह काढला, हातात चढवला आणि स्टुलावर बसली.

मला त्या हसण्याचा धक्का दणक्यापेक्षा जास्त बसला. स्टॉपवॉच चालूच राहिलं होतं.

मी सरळ ऑफिसमध्ये गेले. या वेळी वाक्यं जुळवली नाहीत. म्हटलं, मी या पद्धतीची वेळ देणार नाही. पाटील सरांनी शांतपणे विचारलं, लागलं का कोणाला? नाही ना? ग्लोव्हने काम केलं. मग ते उठले. चिडले नव्हते, त्यांना ते शिकवण्यासारखं वाटलं असावं.

"चला. मी बसतो डायवर. तुम्ही दाबा. भीती जाईल."

सगळा शॉप बघत होता. वंदना स्टुलावरून उठली. सरांनी बाह्या वर केल्या, पत्रा ठेवला, सफाईने. जुना हात होता. मी स्टँडसमोर उभी राहिले. अंगठे बटणांवर ठेवले. सरांनी बुटाने माझ्या सँडलला टोचलं.

माझे अंगठे हलले नाहीत.

त्यांनी पुन्हा टोचलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात बाहेर होता, स्पष्ट दिसत होता. तरी दाबवेना. तो हात परत आत जाईल आणि तेव्हा मी दाबत असेन, एवढंच डोक्यात येत होतं.

"हात बाहेर आहे, मॅडम. दाबा."

मी मागे सरकले. कोणीतरी मागे खुसखुसलं. सर माझ्यावर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांनी सुनंदाला हाक मारली. ये, मॅडमना दाखव.

सुनंदा आली. तिच्या सवयीच्या जागी उभी राहिली, अंगठे ठेवले. पण तेवढ्यात मी जिथे बघत होते तिथे तिनेही बघितलं. एरवी ती पाठ वळवून उभी असायची. तिची नजर पायांवर असे, चपलेवर कधी टोच येते त्याकडे. आता तिने डायकडे मान वळवली. सरांनी टोचलं. तिने दाबलं नाही.

"काय झालं?"

"सर, मी तिकडं कधी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. अंगठे तिने बटणांवरून उचलले आणि ओढणीला पुसले. "वहिनीचा हात एवढा आत असतो?"

वंदना म्हणाली, नाटकं करू नको, दाब. सुनंदा नाही म्हणाली. मोठ्याने नाही, पण आजूबाजूच्या तीन-चार प्रेस तोवर थांबल्या होत्या, त्यामुळे ऐकू गेलं.

"मी नाय दाबणार. तुझ्यावर पण नाय."

पाटील सरांनी डायजवळच्या आपल्याच हाताकडे एकदा बघितलं. मग त्यांनी डायमधला पत्रा काढून खाली ठेवला, बाह्या खाली केल्या आणि मेंटेनन्सवाल्याला बोलावलं. सगळे स्टँड जमिनीला बोल्ट करायचे, म्हणाले. प्रेसच्या समोर, मध्ये. ऑपरेटर सोडून दुसऱ्याला उभं राहता येणार नाही असे. माझ्याकडे न बघता निघून गेले.

बोल्ट दोन दिवसांत बसले. चार आणि पाच नंबरही इतरांसारखेच साडेपाचला सुटू लागले, टार्गेट अर्धवट ठेवून. वंदनाने मुलीसाठी चाळीतल्या एका म्हातारीला सांगितलं. ती बाई झोपली की मुलगी ओट्यावर बसून राहते, असं सुनंदाने मला सांगितलं. वंदना माझ्याशी बोलत नव्हती. शेवटच्या आठवड्यात एकदा नळावर भेटली.

"झालं ना तुमचं प्रोजेक्ट?" तिने विचारलं आणि बाटली भरून गेली.

मी उरलेल्या दिवसांत एक उतरती पट्टी कागदावर काढून दिली. तिच्यावरून पत्रा घसरत डायमध्ये जागेवर बसतो, तयार प्लेट पलीकडे ढकलली जाते आणि हात आत घालावा लागत नाही. नवीन काही नव्हतं, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला शिकवतात. सरांनी ड्रॉइंग ठेवून घेतलं. ती पट्टी मी गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी बसली, आधी चार नंबरवर. सुनंदाने फोनवर सांगितलं की टार्गेट आता चारला होतं. तीनला नाही, चारला.

कॉलेजात प्रोजेक्टची तोंडी परीक्षा झाली. कोर्स दोन विषयांचा, म्हणून परीक्षकही दोन. मॅनेजमेंटच्या मॅडमनी आकडे बघून विचारलं, तुमच्या स्टडीनंतर प्रॉडक्शन वाढलं की कमी झालं? मी म्हटलं, कमी झालं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मेकॅनिकलच्या सरांनी फक्त विचारलं की बोल्ट किती एमएमचे वापरले आणि काँक्रीटमध्ये किती खोल गेले.

दोन्हीकडे पास झाले, मॅनेजमेंटला काठावर. आता मी स्वतः कारखान्यांमध्ये टाइम स्टडी करते. एखादं काम भलतंच लवकर होताना दिसलं की स्टॉपवॉच बंद ठेवते आणि आधी एवढंच बघते, की बटण कोण दाबतंय आणि हात कोणाचा आत आहे.