चारठाण्याची डिस्क

मानवतच्या ज्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते, तिथं चित्रकलेला एक बाई होत्या. चुडाव्याच्या. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठ्या, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा बंगळूरला. मी लग्न केलं नाही. दोघींनाही रविवार खायला उठायचा. आम्ही एकमेकींना नावानं कधी हाक मारली नाही. त्याही बाई, मीही बाई.

चारठाण्याची देवळं आधी त्यांनी पाहिली होती. तिथल्या खांबांवरची एकेक आकृती कागदावर उतरवायचं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, आधी फोटो काढून ठेवू. मग पाच वर्षं, उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर जमेल त्या रविवारी, आम्ही एसटी बदलत चारठाण्याला जायचो. दुपारी माझ्या घरी येऊन फोटो डिस्कवर चढवायचे. बाई डोळे मिटून सांगायच्या, "उत्तरेचा खांब, खालून तिसरी, मृदंगवाली," आणि मी फाइलला तेच नाव द्यायची. हे नावं देणं फोटो काढण्याहून मोठं काम होतं, आणि मला तेच जास्त आवडायचं.

बाई निवृत्त झाल्या तशा मुलानं त्यांना बोलावून घेतलं. जायच्या आदल्या रविवारी शेवटचे फोटो चढवत होतो. लाइट गेली, आली, लगेच पुन्हा गेली. मशीन परत सुरू केलं तर डिस्क उघडेना. बाईंना सामान बांधायचं होतं. मी म्हटलं, बघते नंतर, होईल नीट.

झाली नाही. मला येत होतं ते सगळं करून पाहिलं. परभणीच्या एका जाणत्या माणसाला दाखवली. त्याच्या मते डिस्कचं यंत्र ठणठणीत होतं, आतली मांडणी मोडली होती. कुठली फाइल कुठं आहे हेच डिस्कला कळत नव्हतं. खरवडून खरवडून त्यानं साठेक फोटो काढून दिले. बरेच अर्धे करडे, आणि एकाचंही नाव शिल्लक नाही. मी ते लॅपटॉपवर घेतले आणि डिस्क कपाटात ठेवून दिली. बाईंना काही कळवलं नाही. त्यांचा फोन यायचा तेव्हा नातवाचं ऐकायचे, इकडच्या उन्हाचं सांगायचे. हळूहळू फोन महिन्यावर गेले, मग सणावर.

वर्षभरानं मी धीर करून फोन लावला. विचारलं, तुमच्याकडं एखादी कॉपी आहे का, पेनड्राइव्हवर, कुठंही.

"माझ्याकडं कुठून असणार, बाई? सगळं तुमच्याकडंच होतं की."

मी घडलेलं सांगितलं. रागावतील, निदान हळहळतील असं वाटलं होतं. मागं कुकरची शिट्टी झाली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. लय जीवाला लावून घेऊ नका. पुसून टाका अन् दुसऱ्या कामाला घ्या. आमी हौस केली, झालं." मग नातवाला शाळेतून आणायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांनी समजुतीनंच घेतलं होतं. पण मला रडू आलं, आणि ते फोटो गेल्याचं नव्हतं.

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर डिस्क काढली. बिघडलेल्या डिस्कवर नवी फाइल सिस्टिम घालायची म्हणजे जुनी मांडणी मोडून नवी आखायची. त्यानंतर जुनं मागता येत नाही. शाळेतल्या मशीनवर लिनक्स आहे, त्यामुळे नववीच्या मुलींना मी हे दरवर्षी शिकवते. आधी डिस्कची यादी बघा, आकारावरून आपली ओळखा, मगच कमांड टाइप करा. चुकून दुसरीच पुसली तर देवसुद्धा परत आणणार नाही, असं दरडावून सांगते. त्या दिवशी मीच यादी चार वेळा वाचली.

कमांड जेमतेम एका ओळीची. एंटर दाबलं तर मशीन अडलं. या डिस्कवर आधीच फाइल सिस्टिम आहे, म्हणालं. तिचं नाव चारठाणा. खाली, ती शेवटची कधी जोडली होती तो वार आणि वेळ. रविवार, दुपारचे सव्वाचार. तेव्हा बाई माझ्या शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. तरीही पुढं जायचं का, एवढंच मशीन विचारत होतं.

मी उठून पाणी पिऊन आले. गल्लीत कुणी नव्हतं. परत बसले आणि होकाराचं अक्षर दाबलं.

मला वाटलं होतं वेळ लागेल. पाच वर्षं होती ती. पण चार ओळी सरकल्या आणि झालं. डिस्क उघडून पाहिली, एका रिकाम्या फोल्डरशिवाय आत काही नव्हतं. तेही कमांडनंच स्वतः बनवलेलं.

दिवाळी झाल्यावर एकटीच चारठाण्याला गेले. देवळाशी फुलं विकणाऱ्या बाईनं ओळखलं.

"दुसऱ्या बाई न्हाई आल्या?"

"त्या लेकाकडं असतात आता."

"मंग तुमी एकल्याच?"

मी हो म्हटलं. खांबावर उजेड पाडायला बाई पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आता चादर दगडाला टेकवली तर वारा पाडायचा. तीन तासांत अकरा फोटो झाले. घरी येऊन चढवले आणि नावं द्यायला बसले. चौथ्याशी अडकले. ती आकृती कुठल्या बाजूची, आठवेना. फोटो बाईंना व्हॉट्सॲपवर पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "छान आहे. कुठलं देऊळ हे?"

मी चारठाणा असं लिहून पाठवलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र धाडलं. त्या फाइलला मी 'बाजू माहीत नाही' असं नाव दिलं. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा गेले, तेव्हा वही नेली आणि फोटो काढायच्या आधी खांबाची दिशा लिहून घेतली.