लसणाचं तेल

बारा वर्षं झाली, पण शेजारी कोणी तेलात लसूण कढवला की मले बायकोचा डावा हात आठवते. त्या संध्याकाळी मी तेच गरम तेल तिच्या दंडाले चोळून राहिलो होतो.

"धंतोलीच्या डॉक्टरले दाखवू न," ती म्हणाली.

"शीर चढली आहे. तीस वर्षं कॉलेजातल्या पैलवानांचे हात बसवले मी."

"मी का तुमचा पैलवान आहो?"

मी हसलो अन् अजून जोर लावला. ती गप्प बसली. तेव्हा वाटलं, आराम पडला. आता समजते, माह्या घमेंडीपुढं तिनं तोंड मिटलं.

रात्रीच गेली. डॉक्टर म्हणाला, दुखणं हृदयाचं होतं.

दुपारी तिले जाळून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात गेलो, आखाड्याची किल्ली प्रिन्सिपॉलच्या टेबलावर ठेवली.

"काहून सर?"

"मले अंगातलं काही समजत नाही," म्हटलं.