काकांच्या हातमोज्यातलं वाकलेलं बोट

आमच्या डोंबिवलीच्या एमआयडीसीत शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी सकाळी मानपाड्याच्या खोलीत मी कपडे भिजवले होते, हात साबणाचे होते, आणि फोन वाजला. स्क्रीनवर ‘मोहिते काका’ असं नाव. मला इतकं बरं वाटलं की हात न पुसताच उचलला. म्हटलं, ‘बोला काका, आज तब्येत कशीय?’ पलीकडे त्यांची मुलगी अश्विनी होती. ती म्हणाली, ‘बालाजीदादा, पप्पा गेले.’ एवढंच म्हणून ती थांबली. मी विचारलं, ‘जेवले होते का?’ असं कोणी विचारतं का… पण शेवटचे दोन महिने आम्ही फोनवर तेच बोलायचो. काय खाल्लं, किती पोटात राहिलं.

टिटवाळ्याला काकांच्या घरी पोचेपर्यंत साबण बोटांवर वाळून पांढरा झाला होता.

मी मुखेड तालुक्यातला. आठवीनंतर शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी इकडे आलो. इथे पत्र्याची कपाटं, पॅनेलचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. मोहिते काका तिथे बेंडिंग मशीनवर होते. पत्रा मशीनच्या जबड्यात धरायचा, पॅडल दाबायचं, की तो हव्या त्या कोनात वाकतो. ऐकायला सोपं वाटतं. पण दाब काढला की पत्रा थोडा मागे येतो, म्हणून थोडं जास्त वाकवावं लागतं, आणि किती जास्त ते प्रत्येक पत्र्याचं वेगळं. काका पत्र्यावर टिचकी मारून सांगायचे. मला ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. ते त्यांनी जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, डब्याच्या झाकणावर खडूने रेघा काढून. ‘आठवी म्हणजे काय कमी आहे काय रे? मी सातवी आहे. मला सीनिअर आहेस तू,’ असं म्हणायचे. आज माझ्या हातात जे काम आहे ते सगळं त्यांचं आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळव्याकडे वाकलेलं होतं. सरळ होत नसे. ‘पत्र्याखाली गेलेलं,’ असं ते सांगायचे आणि आम्ही सगळे तेच मानायचो. त्यांचे चामड्याचे हातमोजेसुद्धा घालून घालून तसेच झालेले. काढून खिळ्याला टांगले तरी उजव्याचं ते बोट वाकलेलंच राहायचं.

आता मूळ गोष्ट लिहितो. लिहिताना लाज वाटते, पण काकूंनी सांगितलंय लिहा म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मला लिंगात एक कडक गाठ लागली. ताठरता आली की दुखायचं आणि वाकडं व्हायचं. आधी वाटलं उष्णता असेल. सब्जा प्यायलो, गुलकंद खाल्ला. मग मोबाइलवर बघितलं, आणि पहिल्याच पानावर कॅन्सर हा शब्द दिसला. पुढचं वाचलंच नाही. त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो नाही. रुक्मिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की रजा नाही. होळीलाही तेच. ती फोनवर म्हणाली, ‘तिकडं कुणी ठेवलीय का?’ हसत म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटी एका गुरुवारी मशीन थंड होत असताना काकांना सांगितलं. खाली बघूनच सांगितलं. त्यांनी पत्र्याचा तुकडा हातात घेतला, इकडेतिकडे फिरवला आणि विचारलं, ‘किती डिग्री?’

‘काका, मस्करी नको.’

‘मस्करी कोण करतंय? बेंडिंगवाल्याला दुसरं काय विचारणार? नव्वद तर नाही ना?’

‘तीस असेल.’

‘मग रिजेक्ट नाही होत. उद्या सुट्टी आहे. ठाण्याला जाऊ. डोंबिवलीत नको, कोणी ना कोणी भेटतं इकडे.’

ठाण्याच्या त्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बाई बसल्या होत्या. त्यांनी मोठ्याने विचारलं, ‘काय त्रास?’ मागे रांग. माझी जीभच उचलेना. काकांनी मला बाजूला केलं आणि म्हणाले, ‘त्रास माझा आहे. लघवीच्या जागेचा. याचाही एक पेपर करा, सोबत आलाय तर बघून घेतील.’ आत डॉक्टरांसमोरही तेच. सगळी लक्षणं त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली. गाठ कुठे, कधी दुखायचं, मग दुखायचं कसं थांबलं. डॉक्टर म्हणाले, ‘झोपा, तपासतो.’ मला वाटलं आता फजिती. पण काका सरळ पडद्यामागे गेले. माझ्यासाठी हा माणूस कुठपर्यंत जातोय, असं वाटून मला भरून आलं.

पडद्याबाहेर आल्यावर डॉक्टरांनी काकांचा उजवा हात उघडून बघितला, तळव्यावरून अंगठा फिरवला. ‘हे बोट पत्र्याने नाही वाकलेलं,’ म्हणाले. ‘हा त्याच जातीचा प्रकार आहे. हाताला होतो, तसा तिथेही होतो.’

मी काकांकडे बघितलं. ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होते.

मग मलाही तपासलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. याला पेरोनीज म्हणतात. आतल्या आवरणात व्रण धरतो, तो ताणत नाही, म्हणून वाकतं. ही गाठ कॅन्सरची नाही, संसर्गाचीही नाही. मी विचारलं, पुढे कॅन्सर होतो का? डॉक्टर म्हणाले, ‘खरं सांगतो. काही ठिकाणी रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा त्रास असलेल्या पुरुषांत काही कॅन्सर थोडे जास्त दिसले. अंडकोषाचा, पोटाचा, कातडीचा. पण यामुळे ते होतात, असं सिद्ध झालेलं नाही. नुसता योगायोगही असेल. म्हणून भीती घ्यायची नाही, फक्त अंगाकडे लक्ष द्यायचं. अंडकोषात गाठ लागली, तीळ बदलला, पोट सतत दुखलं, कारण नसताना वजन उतरलं, तर थांबायचं नाही. यायचं.’ आणि जाता जाता म्हणाले, ‘बायकोला सांगा. दोघांनीही.’

बाहेर रसाच्या गाड्यापाशी काका म्हणाले, ‘अकरा वर्षं झाली बाळ्या.’

‘काकूंना?’

‘नाही सांगितलं. आता काय सांगायचं? तू मात्र सांग. तुझं वय आहे.’ आणि मग, ‘हिला काही बोलायचं नाही हां.’ मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या दाराला आतून मार्करने माझ्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. दर वेळी पुसून नवीन लिहायचे. आदल्या दिवशी विचारायचे, ‘उद्या कुठे जायचंय?’ मी सगळ्या तारखांना गेलो. गोळ्या घेतल्या, दुखणं थांबलं, वाकडेपणा थोडा राहिला. त्यांची तारीख दारावर कधीच नव्हती. मी विचारलंही नाही. मला वाटायचं ते मोठे आहेत, त्यांचं ते बघत असतील.

आता जे लिहायचंय ते मला फार जड जातंय. गेल्या वर्षी काका एकदा कमरेचा पट्टा काढून म्हणाले, ‘याला एक भोक पाड रे.’ आमच्याकडे पत्र्याला भोकं पाडायचं पंचिंग आहे. खाली लाकूड ठेवून मी पट्ट्याला भोक पाडलं. अगदी गोल, बाकीच्यांच्या रेषेत. काका खूश. ‘दुकानात असं मिळत नाही.’ दीड महिन्याने पुन्हा आले. ‘अजून एक. कॅन्टीनवाल्याच्या भाज्या खाऊन मी हिरो होतोय.’ मी दुसरं पाडलं. मग तिसरं. खिशात अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं असायची, चहानंतर एक चघळायचे. डॉक्टरांनी वजन म्हटलं होतं, पोट म्हटलं होतं. ते ऐकणारे आम्ही दोघंच होतो. आणि मी काय केलं, तर भोकं एका रेषेत येतायत की नाही ते बघितलं. स्वतःचं अंग मी रोज तपासायचो, एखादा तीळ दिसला की घाबरून दवाखान्यात जायचो. समोरचा माणूस डोळ्यांदेखत कमी होत होता…

कल्याणच्या हॉस्पिटलात निदान झालं तेव्हा पोटातला कॅन्सर यकृतात गेला होता. मी ठाण्याच्या त्या डॉक्टरांकडे एकटाच गेलो. विचारलं, ‘हे त्यामुळेच झालं का?’ त्यांनी चष्मा काढला. ‘एका माणसाबाबत असं सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही.’ मला हो ऐकायचं होतं की नाही, ते मला आजही कळत नाही. हो म्हणाले असते तर माझी भीती दुप्पट झाली असती. नाही म्हणाले असते तर काका साध्या दुर्लक्षाने गेले असते, ज्यात मीही होतो.

काकांच्या जलदान विधीच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात ठाण्याचा केसपेपर होता, काकांच्या शर्टांखाली सापडलेला. अश्विनीने वाचला होता, पण आईला समजावून सांगायला तिची जीभ रेटली नव्हती. काकू म्हणाल्या, ‘तुम्ही सोबत होतात ना? सांगा.’ काकांना दिलेला शब्द मला आठवला. मग मी सांगितलं. मान वर न करता, जमेल तसं. काकू खूप वेळ त्या कागदाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अकरा वर्षं मला वाटत होतं, मीच नकोशी झाले. हे हॉलमध्ये झोपायला लागले तेव्हापासून. एकदा विचारायचं तरी मी.’ आणि थोड्या वेळाने, ‘बालाजी, तुम्ही हे लिहा कुठेतरी. नाव घालून लिहा. लपवून काय मिळालं?’

मी जिन्यात आलो आणि तिथूनच रुक्मिणीला फोन लावला. सांगायला जेमतेम दोन मिनिटं लागली. दोन वर्षं ज्याला घाबरलो ते दोन मिनिटांत संपलं. तिच्या मागे शेळी ओरडत होती. मग म्हणाली, ‘एवढंच हाय का? मी कायकाय मनात आणलं ओ…’ आणि रडायला लागली. तिच्याजवळ बसायला हवं होतं तेव्हा. मी टिटवाळ्याच्या एका बिल्डिंगच्या जिन्यात उभा होतो, अनोळखी माणसांच्या चपला ओलांडून लोक वर-खाली करत होते. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे. रजा मागितली, मिळाली. मागितली की मिळते.

आता बेंडिंगवर मी आहे. दाराच्या आत त्यांनी लिहिलेली माझी शेवटची तारीख तशीच आहे. ती उलटून गेली, मी जाऊनही आलो. या वेळी खिडकीतल्या बाईंनी विचारल्यावर माझा त्रास मी माझ्या तोंडाने सांगितला. परत आल्यावर मात्र ती तारीख पुसवली नाही. पुढची कोण लिहिणार?

मला कंपनीने नवीन हातमोजे दिलेत. मी सकाळी आधी खिळ्यावरचे काकांचेच घेतो. उजवा घालताना चार बोटं नीट जातात, आणि ते एक बोट मध्येच अडतं, कारण चामडं तिथे वळलेलं आहे आणि माझं बोट सरळ आहे. जोर केला तर ते सरळ होईलही. मी जोर करत नाही. मी माझं बोट थोडं वाकवतो. मग ते आत जातं.