रस्त्याकडं सोडलेली नळी

मार्गासनीचा हनुमंत मिस्त्री टर्बोच्या जुन्या गाडीला तेल धरणारा डबा बसवल्याशिवाय सोडत नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं तर पाना आपटून ओरडतो, "डबा नको तर गाडी दुसरीकडं न्या!" लोक म्हणतात, माणूस तापट, पण कामाला चोख.

कसला चोख! पूर्वी इंजिनात कोंडलेली हवा ब्रीदरच्या नळीतून तेल घेऊन टर्बोत शिरली आणि गाडी धूर ओकायला लागली, की हाच हनुमंत ती नळी उपसून खाली रस्त्याकडं सोडून द्यायचा. धूर बंद, गिऱ्हाईक खूश; तेल मात्र रस्त्यावर ठिबकत राहायचं.

गेल्या वर्षी त्यानं वेल्ह्याच्या एका जीपची नळी अशीच सोडली. ती जीप रोज चढाच्या वळणावर प्रवासी घ्यायला थांबायची. तिथंच अंगणवाडीच्या रत्नाताईंची स्कूटर तेलावरून घसरली आणि त्यांचा हात मोडला. स्कूटर दुरुस्तीला हनुमंताकडंच आली.

"कुणाच्या गाडीचं तेल व्हतं, देव जाणे," त्या म्हणाल्या.

"व्हय," हनुमंत मान वर न करता म्हणाला. स्कूटर त्यानं एक पैसा न घेता नव्यासारखी करून दिली. त्याच दिवशी त्या जीपला त्याच्या हातचा पहिला डबा बसला.

यंदा राखीपौर्णिमेला रत्नाताई गॅरेजात आल्या. "सख्ख्या भावानं केलं नसतं एवढं तुमी केलंत, हनुमंतभाऊ."

त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून वळत नाहीत. राखीचं एक टोक त्यांनी डाव्या हातात धरलं. दुसरं टोक धरून गाठ हनुमंतालाच ओढावी लागली.