लायसन्स कीवरचं स्वस्तिक

दसऱ्याला मी ऑफिसच्या कॉम्प्युटरची पूजा केली आणि तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक नेमकं विंडोजच्या लायसन्स कीच्या स्टिकरवर काढलं. जागा चकचकीत होती, एवढाच माझा विचार.

दिवाळीनंतर एकदा लाइट गेली, आली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. वणीच्या आमच्या कापूस खरेदी केंद्रावर चार दिवसांपासून कापसानं भरलेल्या बैलबंड्या उभ्या होत्या आणि कोणाचा नंबर कितवा, ती यादी त्याच मशीनमध्ये. यादी गेली असती तर फाटकात मारामारी ठरलेली.

बस स्टँडमागचा एक मिस्त्री आला. रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलेला, पिकल्या दाढीचा. घाबरल्यापायी मी त्याचं नावही विचारलं नाही. ओठांत स्क्रू धरून तो बोलायचा.

"विंडोज उडाली. यादी दुसऱ्या ड्राइव्हमधी हाय, तिले हात लावत नाही. विंडोज नव्यानं टाकून देतो. की सांगा."

मी शेंदूर दाखवला. मग तो बंडीतला बोटभर कापूस मागवून, खोबरेलात बुडवून, लेकराच्या डोळ्यांतली चिपडं काढावीत तसा स्टिकर पुसत बसला. एकेक अक्षर वर आलं. पंचवीसही अक्षरं त्यानं पुटपुटत टाकली आणि की चालली. तासाभरात यादी जशीच्या तशी उघडली. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला, तसा मी खुर्चीत सैल पडलो.

"बाबूजी," पिशवी उचलत तो म्हणाला, "पुढच्या दसऱ्याले शेंदूर आपल्याच कपाळाले लावजा. तिथं वाचाजोगतं काही नाही."